बचत गटाचं बँक कर्ज घ्यावं की कंपनीचं?

प्रश्न: आमच्या दहा जणींच्या गटाला सात महिने झाले, बचत दरमहा २०० रुपये. एक कंपनी प्रत्येकीला ३०,००० देते म्हणते, वर्षासाठी १२ टक्के फ्लॅट. बँकेपेक्षा परवडेल का?

उत्तर १: ताई, फ्लॅट आकड्यावर जाऊ नका. ३,६०० व्याज धरून हप्ता २,८०० येतो. पण मुद्दल दरमहा फिटत असतं आणि व्याज मात्र शेवटपर्यंत पूर्ण ३०,००० वर लागतं. घटत्या शिलकीवर, म्हणजे उरलेल्या मुद्दलावर मोजलं, तर हाच दर २१ टक्क्यांच्या वर जातो. प्रक्रिया शुल्क, विम्याचा हप्ता आधीच कापला तर आणखी महाग. एकच विचारा, हातात नक्की किती पडणार?

उत्तर २: गटाला सहा महिने होऊन गेलेत, म्हणजे बँकेकडे जाता येईल. बँक पंचसूत्री बघते: बैठक, बचत, अंतर्गत कर्ज (गटाच्या बचतीतून सदस्यांना दिलेलं), परतफेड, नोंदी. प्रकरणं बहुतेक नोंदींवरच अडतात. बचत होते, पण अंतर्गत कर्ज दिलेलंच नसतं, किंवा इतिवृत्तावर सह्या नसतात. पासबुकातली शिल्लक आणि रोकडवही जुळवूनच जा.

उत्तर ३: कंपनीकडून घ्यायचंच असेल तर रिझर्व्ह बँकेचे २०२२ चे नियम लक्षात ठेवा. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न ३ लाखांपर्यंत असेल तर हे सूक्ष्मकर्ज ठरतं. त्याला तारण नाही, मुदतीआधी फेडलं तर दंड नाही. घरातल्या सगळ्या कर्जांचे हप्ते मिळून मासिक उत्पन्नाच्या निम्म्यावर जाता कामा नयेत. आणि दुसरीसाठी आपल्या नावावर कर्ज उचलू नका, ती थकली की वसुली तुमच्याच दारात येते.