एका बोटाने थ्रीडी मॉडेल फिरवणं: मोकळं सोडायचं की सरळ धरून ठेवायचं?

पाचवी_मिती
आठवी ते दहावीच्या मुलांसाठी जीवशास्त्राचं ॲप करतोय. हृदय, कवटी, सुटी हाडं, सगळी मॉडेल्स बोटाने फिरवून बघायची. ती कशी फिरावीत यावर टीममध्ये दोन तट पडलेत.

माझं मत आधीच सांगतो. एका बोटाने फिरवताना मॉडेलची वरची बाजू वरच राहिली पाहिजे. आडवं ओढलं की कुंभाराच्या चाकावर ठेवल्यासारखं ते उभ्या अक्षाभोवती फिरेल. उभं ओढलं की कॅमेरा, म्हणजे आपली नजर, वर-खाली होईल, आणि बरोबर डोक्यावर किंवा तळाखाली पोचला की थांबेल. थ्री.जेएस या ब्राउझरमधल्या थ्रीडी लायब्ररीचं ऑर्बिटकंट्रोल्स हेच करतं, ब्लेंडर या थ्रीडी सॉफ्टवेअरचं मूळ सेटिंगही हेच. या पद्धतीला टर्नटेबल म्हणतात.

दुसरा तट म्हणतो, मोकळं सोडा, बोट जाईल तिकडे मॉडेल फिरू दे. मोकळं सोडलं की पोरं बोट गरगर फिरवतात, हृदय तिरकं होऊन बसतं आणि ते सरळ कसं करायचं हे कुणालाच कळत नाही. कारण उघड आहे. वस्तू हवी तशी फिरवायला तीन आकडे लागतात, काचेवरचं एक बोट दोनच देतं. तिसरा चोरवाटेने येतो. बोट छोट्या वर्तुळात फिरवून निघालो तिथेच परत आणलं तरी मॉडेल थोडं कलंडलेलं असतं. ते कलंडणं वापरणाऱ्याने मागितलेलंच नसतं.

गणित_नको_रे
हा दोष मोकळ्या पद्धतीचा नाही, ती कच्ची लिहिल्याचा आहे. तुमचा कोड प्रत्येक फ्रेमला 'बोट मघापासून किती सरकलं' एवढंच बघतो आणि तो तुकडा आधीच्या फिरण्याला जोडत जातो. फिरण्यांचा क्रम बदलला की उत्तर बदलतं, म्हणून वर्तुळ पूर्ण करूनही हिशोब शून्यावर येत नाही.

केन शूमेकने 1992 मध्ये मांडलेला आर्कबॉल वापरा. मॉडेलभोवती एक काल्पनिक गोल धरायचा. बोट गोलावर कुठे टेकलं ते लक्षात ठेवायचं आणि दर वेळी त्या बिंदूपासून आत्ताच्या बिंदूपर्यंतचं फिरणं काढायचं. बोट मूळ जागी आलं की मॉडेलही मूळ जागी. गोलाबाहेर ओढलं तर वस्तू पडद्याच्या प्रतलात फिरते, म्हणजे तिसरा आकडा राजरोस मिळतो. हिशोब क्वाटर्निअनने, म्हणजे फिरणं चार आकड्यांत मांडून. गणिती हॅमिल्टनचे 1843 चे क्वाटर्निअन ॲनिमेशनवाल्यांच्या हाती दिले तेही याच शूमेकने, 1985 मध्ये.

गोंधळाचं मूळ बहुतेकांच्या पहिल्या धड्यात आहे. अँड्रॉइडच्या अधिकृत धड्यातला बोटाने फिरणारा त्रिकोण आठवतो का? बोट जितकं सरकलं त्याला 180 भागिले 320 ने गुणायचं आणि कोनात मिळवायचं. एका अक्षाला ते चालतं. तोच कित्ता तीन अक्षांना गिरवला की बोंब.

पाचवी_मिती
कागदावर आर्कबॉल देखणा आहे, पण तो माउसच्या काळातला. फोनवर गोलाबाहेर जागाच कुठे उरते? कडेवरून बोट आत ओढलं की अँड्रॉइड 10 पासूनचा बॅक जेश्चर (कडेवरून ओढून मागे जाणं) मध्ये येतो आणि मूल थेट आधीच्या पानावर. गोल लहान करावा तर अर्धं मॉडेल बोटाखाली झाकतं. शिवाय आर्कबॉलमध्ये बोट गोलावर जेवढी कमान काढतं तिच्या दुप्पट कोनातून वस्तू फिरते. मधून काठापर्यंत ओढलं की 180 अंश! बोटाखालचा बिंदू बोटाबरोबर राहत नाही, आणि टचस्क्रीनवर लोक नेमकं तेच गृहीत धरतात.

साचेकार
आमचं काम प्लॅस्टिकच्या साच्यांचं. टर्नटेबलमध्ये तळ दिसत नाही, असं दुसरा तट म्हणत असेल तर ते साफ चूक आहे. सगळ्या दिशांनी बघता येतं, फक्त मान वाकडी करून बघता येत नाही.

खरा त्रास बरोबर डोक्यावर गेल्यावर सुरू होतो. तिथून वस्तू उजवीकडे कलवायला बोट उजवीकडे ओढावं, तर ती जागच्या जागी गिरकी घेते. आधी गिरकी देऊन मग उभं ओढा, हे शहाण्या माणसालाही सुचत नाही. फोनवर मी ओढाओढ करतच नाही. समोरून, बाजूने, वरून अशी ठरलेल्या दृश्यांची बटणं दाबतो आणि मोकळा होतो.

हाडवैद्य_होणार
मी एमबीबीएसच्या पहिल्या वर्षाला आहे आणि सरळ धरून ठेवायला माझा कडक विरोध आहे. निदान सुट्या हाडांसाठी तरी. तोंडी परीक्षेत क्लॅव्हिकल (गळ्याखालचं आडवं हाड) हातात देतात आणि विचारतात, डावं की उजवं? चपटं टोक बाहेरच्या बाजूला, खाचेची बाजू खाली, आतला दोन तृतीयांश भाग पुढे फुगलेला, हे जुळवत हाड शरीरात असतं तसं धरायचं आणि मग बाजू सांगायची. तुमचं ॲप ते आधीच सरळ उभं करून दाखवणार! म्हणजे प्रश्न विचारायच्या आधीच अर्धं उत्तर दिलं. कवटीचं ठीक आहे, ती उलटी कुणी धरत नाही. क्लॅव्हिकलला 'वर' असतो हेच तर शिकायचंय.

पाचवी_मिती
हा मुद्दा बिनतोड आहे, पण तो डॉक्टरकीचा झाला. नववीच्या मुलाला डावं-उजवं कोण विचारतं?

हाडवैद्य_होणार
विचारलं नाही म्हणून हाड हातात घेऊन उलटसुलट बघायचंच नाही का? मग छापील चित्र काय वाईट होतं?

खिडकीतून
भांडण एका बोटावरच चाललंय. पानावर मजकूर आणि मध्ये मॉडेल असेल तर उभं ओढणं स्क्रोलचं की मॉडेलचं? गूगलच्या मॉडेल-व्ह्यूअरमध्ये (वेबपानावर थ्रीडी मॉडेल दाखवणारा घटक) टच-ॲक्शन या सेटिंगला पॅन-वाय दिलं की उभं ओढल्यावर पान सरकतं, आडवं ओढल्यावर मॉडेल फिरतं. आर्कबॉलला ही वाटणी जमणार नाही.

आणि ज्यांचा हात थरथरतो त्यांचं काय? डब्ल्यूसीएजी 2.2 या वेब-सुलभतेच्या नियमावलीत (ऑक्टोबर 2023) ओढण्याला न ओढता करता येईल असा पर्याय द्या, असा निकषच आहे. साचेकारांची बटणं त्यात चपखल बसतात.

पाचवी_मिती
बटणं घालतो. हृदय, कवटी सरळच राहतील, एक बोट, कलंडणं बंद. सुट्या हाडांना दोन बोटांची पीळ देऊ, म्हणजे कलंडवायचं असेल तर मुद्दाम कलंडवावं लागेल. आयओएसला त्यासाठी तयार रेकग्नायझर (पीळ ओळखणारा कोड) आहे, अँड्रॉइडच्या जुन्या पद्धतीत कोन आपणच काढायचा.

गणित_नको_रे
दोन बोटं म्हणजे दुसरा हातही लागणार. बसमध्ये दांडा धरून उभ्या पोराने काय करायचं? आणि पिळताना चिमूट थोडी उघडतेच, मॉडेल मोठं होत जाणार. ते आधी सोडवा.

हाडवैद्य_होणार
शिवाय सुटं हाड उघडतानाच भलत्याच कोनात ठेवा, दर वेळी वेगळ्या. नाहीतर पीळ देऊनही उपयोग नाही.