रात्री ५८५ किलोहर्ट्झ पूर्ण डिजिटल करावं का?

लहरकर

आकाशवाणी नागपूरचं मध्यम लहरींवरचं (मीडियम वेव्ह) केंद्र: ५८५ किलोहर्ट्झ, ३०० किलोवॉट. दिवसा विदर्भाच्या मोठ्या भागात हे केंद्र स्वच्छ लागतं. दिवस मावळला की आवाज फाटायला लागतो. तो कुठे फाटतो हे नकाशावर बघा. नागपूरपासून सरळ रेषेत यवतमाळ १३०, चंद्रपूर १३५, अमरावती १४०, गडचिरोली १४५ किलोमीटरच्या आसपास. चार जिल्ह्यांची मुख्य गावं जवळपास एकाच वर्तुळावर आहेत, आणि रात्री जमिनीलगतची लहर आणि आकाशातून परतणारी लहर सारख्याच ताकदीने भेटतात त्या पट्ट्यातून हे वर्तुळ जातं.

कारण तुम्हा मंडळींना ठाऊक आहे. ६० ते ९० किलोमीटर उंचीवरचा, वातावरणातला विद्युतभारित डी थर दिवसा मध्यम लहरी शोषून घेतो. सूर्यास्तानंतर तो विरतो आणि वरचे ई आणि एफ थर लहर खाली पाठवतात. १५० किलोमीटरवरच्या श्रोत्याचा हिशेब करू. ई थर १०० किलोमीटरवर धरला तर आकाशमार्गे आलेली लहर २५० किलोमीटर चालून येते. १०० किलोमीटर जास्त, म्हणजे ०.३३ मिलिसेकंद उशीर. एवढ्या उशिराने केंद्राच्या वारंवारता-पट्ट्यात दर ३ किलोहर्ट्झवर एक खड्डा पडतो (तिथे दोन लहरी एकमेकींना मारतात) आणि थराची उंची बदलते तसे हे खड्डे सरकत राहतात. खड्डा वाहक लहरीवर, म्हणजे मधल्या मुख्य लहरीवर, आला की आवाज वाहणारे बाजूपट्टे शाबूत राहतात, पण वाहक गायब. साध्या रेडिओतला, लहरीतून आवाज वेगळा करणारा डायोड अशा वेळी भलताच आवाज काढतो. व्हॉल्यूम वाढवून किंवा एरियल लांबवून हा दोष जात नाही.

डीआरएम (डिजिटल रेडिओ मोंडियाल) या डिजिटल पद्धतीत केंद्राच्या नेहमीच्याच ९ किलोहर्ट्झमध्ये जवळपास दोनशे उपवाहक, म्हणजे छोट्या वाहक लहरी, असतात. खड्ड्यात पाच-दहा गेले तरी बाकीच्यांवरून माहिती भरून निघते. म्हणून माझं म्हणणं स्पष्ट आहे: संध्याकाळी सातनंतर ५८५ शुद्ध डीआरएम करा, दिवसा आहे तसं एएम (जुनी अॅनालॉग पद्धत) ठेवा.

दोन_सेल

लहरकर, तुमचा हिशेब बरोबर आहे. पण रेडिओ कोणाच्या हातात आहे, ते तुमच्या हिशेबात नाही. भामरागड, एटापल्ली, मेळघाटात रात्री रेडिओ चालतो तो दोन पेन्सिल सेलवर. साधा एएम संच बेताच्या आवाजात २०-३० मिलिअँपिअर घेतो. चांगल्या अल्कलाइन सेलची क्षमता २००० मिलिअँपिअर-तास धरली तर ७० ते १०० तास निघतात. डीआरएम संचात प्रोसेसर सतत उकल करत बसतो. त्याचा खर्च यापेक्षा कितीतरी पट जास्त आणि किंमत तर हजारांत. मारुती आणि ह्युंदाईच्या काही गाड्यांत डीआरएम आलं आहे हे खरं, पण भामरागडचा श्रोता रात्री आठला गाडीत बसून बातम्या ऐकत नाही.

दुसरं, वादळात वीज गेली की काही तासांत मोबाइल टॉवरची बॅटरी संपते. त्या रात्री माणसाला लागतो तो फाटका का होईना, समजणारा आवाज. एएममध्ये सिग्नल गोंगाटापेक्षा थोडाच वर असला तरी पुरेसं बोलणं कळतं. डिजिटलमध्ये उंबरठ्याखाली गेलात की संपूर्ण शांतता. रात्रीचं एएम बंद करायला माझा ठाम विरोध आहे.

फेराइट

आधी उंबरठ्याचे आकडे मांडू, म्हणजे वाद हवेत राहणार नाही. डीआरएममध्ये माहिती दाटीने भरणाऱ्या ६४-क्यूएएम पद्धतीला स्थिर लहरीवर साधारण १५-१६ डीबी (डेसिबल) सिग्नल-गोंगाट अंतर लागतं. चढउताराच्या लहरीवर २० च्या वर जावं लागतं. कमी दाटीच्या १६-क्यूएएमवर उतरलं तर ५-६ डीबी वाचतात, पण बिटदर बराच घटतो. आवाज आटवून पाठवणाऱ्या नव्या एक्सएचई-एएसी कोडेकमुळे १२ किलोबिटमध्येही निवेदन नीट कळतं. रात्री संगीताचा हट्ट सोडून १६-क्यूएएम घ्यावं.

मोडची निवडही महत्त्वाची. डीआरएमच्या मोड ए मध्ये रक्षक-अंतर (एवढ्या उशिरापर्यंतची लहर चालते) २.६६ मिलिसेकंद, मोड बी मध्ये ५.३३. लहरकरांनी फक्त ई थर धरला. एफ थर २५० किलोमीटरवर असेल तर त्याच १५० किलोमीटरच्या श्रोत्याला एका उडीची लहर १.२४ मिलिसेकंद उशिरा येते. मोड ए ला ते चालतं. पण जमिनीवर आपटून दोनदा उडी मारलेली लहर २.८७ मिलिसेकंदांनी येते आणि तिथे मोड ए हरतो. दिवसाची सेटिंग तशीच ठेवून रात्री डीआरएम चालवलं की असा घोटाळा होतो. मग दोष तंत्राच्या माथी मारला जातो. रात्री मोड बी च हवा.

आणखी एक. डीआरएमचं लांब इंटरलीव्हिंग (माहिती वेळेत विखुरून पाठवणं) दोन सेकंदांचं असतं. मध्यम लहरींवरचा फेडिंगचा (सिग्नल बुडण्या-चढण्याचा) झोका रात्री दहा-वीस सेकंदांचाही असतो. संपूर्ण चॅनेल एकदम बुडालं तर दोन सेकंदांच्या विम्याने काहीच होत नाही. निवडक खड्ड्यांपुरता डिजिटलचा फायदा पक्का आहे, सपाट बुडीपुरता नाही.

बुटीबोरी_लाइन

मग दोन्ही एकत्र का नको? एका बाजूला एएम, शेजारच्या ९ किलोहर्ट्झमध्ये डीआरएम. आपल्याकडे सायमलकास्ट म्हणून अनेक केंद्रांनी हे केलं आहे. कोणाचंच नुकसान नाही.

फेराइट

नुकसान रात्रीच होतं, भाऊ. सायमलकास्टमध्ये डिजिटल भाग एएमच्या साधारण १५ डीबी खाली ठेवतात. दिवसा तो जवळच्यांना पुरतो. रात्री शेजारच्या चॅनेलवर दूरदूरची केंद्रं येऊन बसलेली असतात, त्यांच्याखाली तो गाडला जातो. उलट त्या केंद्रांच्या श्रोत्यांना आपली खरखर ऐकू जाते.

अमेरिकेत हा धडा आधीच मिळाला आहे. तिथली संकरित पद्धत (एएम आणि डिजिटल एकत्र) ३० किलोहर्ट्झ व्यापते. २००२ मध्ये ती फक्त दिवसा वापरायला मुभा होती, सप्टेंबर २००७ पासून रात्रीही मिळाली. रात्री ती खरखर शेकडो मैलांवरच्या शेजारच्या चॅनेलांत जाऊन पडू लागली आणि बऱ्याच केंद्रांनी नंतर डिजिटल भाग बंद केला. शेवटी ऑक्टोबर २०२० मध्ये शुद्ध डिजिटल एएमला ऐच्छिक परवानगी दिली गेली. मेरीलँडमधल्या फ्रेडरिकचं ८२० किलोहर्ट्झचं केंद्र त्याआधी, २०१८ पासून, प्रयोग म्हणून तसं चालत होतं. रात्रीसाठी शुद्ध एएम किंवा शुद्ध डिजिटल, अधलंमधलं नको, एवढं त्यावरून घ्यावं.

लहरकर

हे माझ्याच बाजूचं झालं. विजेचाही विचार करा. एएममध्ये १०० टक्के मॉड्युलेशनलाही दोन-तृतीयांश शक्ती वाहकात जाते आणि वाहकात माहिती शून्य. ३०० किलोवॉटचा ट्रान्समीटर शिखरावर १२०० किलोवॉट देऊ शकतो. डीआरएमचं शिखर-सरासरी अंतर साधारण १० डीबी धरलं तर त्याच यंत्रातून सरासरी १२० किलोवॉट डिजिटल निघतं. ३०० च्या जागी १२०, आणि ते सगळं माहितीचं. प्रसार भारतीने पस्तीसच्या आसपास मध्यम लहर डीआरएम ट्रान्समीटर देशात बसवले आहेत, म्हणजे हे ज्ञान घरचंच आहे. दोन_सेल, तुम्ही संकटाचं म्हणालात, तर डीआरएममध्ये आपत्कालीन इशाऱ्याची सोय आहे. ती सुरू केली की संच आपोआप इशाऱ्याच्या कार्यक्रमावर जातो, सोबत मजकूरही दाखवता येतो.

दोन_सेल

संच चालू असेल तर जातो! आणि संच मुळात घरात हवा. इशारा पोचवायला एकच वाहिनी, आणि ती ऐकायला गावात एकही यंत्र नाही, ही स्थिती आपत्तीत मी मान्य करणार नाही.

युरोपाचा दाखला कोणी देईल म्हणून आधीच सांगतो. जर्मनी आणि फ्रान्सने २०१५ च्या अखेरीस सार्वजनिक मध्यम लहर बंद केली. तिथे एफएमचं दाट जाळं होतं. आपल्याकडे एफएम टेकडीआड थांबतं, सातपुड्याच्या कुशीतल्या गावाला ते मिळत नाही. आणि आपली राष्ट्रीय वाहिनी आठवा. नागपूरहून १५६६ किलोहर्ट्झवर १००० किलोवॉटने रात्रभर देशभर जायची. १९८८ मध्ये सुरू झाली, २०१८ च्या डिसेंबरात बंदीचा आदेश निघाला. त्या जागी रात्रीची तेवढ्या पल्ल्याची दुसरी सोय उभी राहिली नाही. एकदा गेलेली रात्र परत मिळत नाही, म्हणून मी इतका अडून बसलो आहे.

मनोरा_२७२

डिजिटलशिवायही एक उपाय आहे, त्याचं कोणी नावच घेत नाही. फेडिंगचा पट्टा मनोऱ्याच्या उंचीवर ठरतो. ५८५ ची लहरलांबी ५१३ मीटर, पाव लहरीचा मनोरा १२८ मीटरचा. तो ५० ते ६० अंशांच्या कोनात वर बरीच शक्ती फेकतो आणि १५० किलोमीटरवर ई थरातून परत येणारी लहर ५३ अंशांनीच गेलेली असते. मनोरा ०.५३ लहरलांबीचा, म्हणजे २७२ मीटरचा केला की नेमक्या त्या कोनातली शक्ती दबते, जमिनीलगतची वाढते आणि पट्टा बाहेर सरकतो. खर्च मोठा आहे, विमानतळाची उंचीची परवानगी लागते, जमिनीत पुरलेल्या तांब्याच्या तारांचं जाळं नव्याने टाकावं लागतं. पण एकाही श्रोत्याला नवा संच घ्यावा लागत नाही.

बुटीबोरी_लाइन

मनोरा होईल तेव्हा होईल. चंद्रपूरच्या माणसाने आज रात्री काय करायचं?

फेराइट

दोन कामं. पहिलं, घरातला गोंगाट. सेलवरचा रेडिओ लावून मेन एमसीबी पाडा. खरखर गेली तर दोष घरातला आहे. मग एकेक सर्किट चालू करत शोधा. बहुतेकदा स्वस्त एलईडी बल्बचा ड्रायव्हर, चार्जर किंवा छतावरच्या सोलरचा इन्व्हर्टर सापडतो. केबल फेराइट कड्यातून सात-आठ वेढे फिरवली की बराच फरक पडतो. एकच वेढा दिला तर मध्यम लहरींवर जवळजवळ उपयोग होत नाही.

दुसरं, चौकट अँटेना. ६० सेंटिमीटर बाजूची लाकडी चौकट, ६ मिलिमीटर अंतराने १३ वेढे, साधारण ३१ मीटर इन्सुलेटेड तार. हिचं इंडक्टन्स २३० मायक्रोहेन्रीच्या जवळ येतं. जुन्या रेडिओचा ३६५ पिकोफॅरडचा गँग कंडेन्सर (स्टेशन लावायचा फिरता कंडेन्सर) समांतर लावला की ५३१ पासून १६०२ पर्यंतचा पट्टा झाकतो. ५८५ ला तो जवळजवळ पूर्ण मिटलेला, ३२५ पिकोफॅरडच्या आसपास असतो. वेढे एकमेकांना चिकटवून गुंडाळले तर इंडक्टन्स आणि वेढ्यांतली धारिता दोन्ही वाढतात आणि वरचा पट्टा सुटतो. रेडिओ चौकटीजवळ ठेवा, जोडायची गरज नाही. चौकट फिरवून त्याच लहरीवरचं दुसरं केंद्र दाबता येतं. मात्र स्वतःच्याच केंद्राच्या दोन लहरी एकाच दिशेने येतात, त्यामुळे फाटका आवाज हिने सुधारत नाही. त्यासाठी सिंक्रोनस डिटेक्टरचा संच लागतो. तो गायब झालेला वाहक स्वतः तयार करतो.

लहरकर

हजारोंचा सिंक्रोनस संच घ्यायचाच, तर तेवढ्यात डीआरएम संच का नको? तरी दोन_सेल यांच्या एका अटीला मी तयार आहे: संच गावात पोचेपर्यंत सात ते दहा एएम राहू द्या, दहाच्या पुढे डीआरएम. पण त्याआधी मोजणी व्हावी. यवतमाळ, चंद्रपूर, अमरावती, गडचिरोली, चारही ठिकाणी एकाच वेळी.

दोन_सेल

मोजणीला माझी ना नाही, दहाच्या पुढच्या डीआरएमला अजूनही आहे. रात्री आठ ते साडेआठ, दिवस कोरडा आणि विजांचा नसावा. एसडीआरवर (संगणकाला जोडायचा सॉफ्टवेअर रेडिओ) १० किलोहर्ट्झ पट्टा, ऑटो गेन बंद, कच्चा आयक्यू डेटा, म्हणजे उकल न केलेला सिग्नल, साठवायचा. वॉटरफॉलवर (वेळेनुसार सरकणारं वारंवारतांचं चित्र) खड्डे तिरप्या काळ्या रेघांसारखे सरकताना दिसतील. दोन रेघांमधलं अंतर किलोहर्ट्झमध्ये मोजलं की उशीर निघतो: ३ किलोहर्ट्झ असेल तर ई थर, ८०० हर्ट्झच्या आसपास असेल तर एफ. नागपूर शहरात हे करू नका. ३०० किलोवॉटपुढे आठ बिटचा स्वस्त एसडीआर डोंगल तुंबतो आणि खोट्या रेघा दाखवतो.