घरच्या सर्व्हरला दोन लॅन कार्डं लावलीत, स्पीड मात्र तेवढीच

सुदामानगर_इंदूर:
नमस्कार मंडळी, जुन्या डेस्कटॉपवर डेबियन (लिनक्सचाच एक प्रकार) टाकून घरचा सर्व्हर केलाय, आईबाबांचे सगळे फोटो त्यातच आहेत. बोर्डावर एक गिगाबिट पोर्ट होतं, जेल रोडवरून अजून एक कार्ड आणून लावलं, दोन्ही वायरी राउटरमध्ये, एकाला आयपी पत्ता १९२.१६८.१.१० दुसऱ्याला १९२.१६८.१.११ दिलं पण कॉपी करताना सेकंदाला ११० एमबीच्या वर जातच नाही आणि मधूनच कनेक्शन लटकतं. काय चुकतंय?

जुना_लिनक्सवाला:
दोन्ही कार्डं एकाच सबनेटमध्ये, म्हणजे नेटवर्कच्या एकाच गटात आहेत, गडबड तिथेच. लिनक्स आयपी कार्डाचा मानत नाही, आख्ख्या मशीनचा मानतो, त्यामुळे राउटरने '.११ कोण?' विचारलं की दोन्ही कार्डं हो म्हणतात, आणि परत जाणारा डेटा बहुतेक एकाच कार्डातून जातो. याला एआरपी फ्लक्स म्हणतात. आधी दुसरी वायर काढा.

सुदामानगर_इंदूर:
काढली, लटकणं थांबलं! मग बाँडिंग, म्हणजे दोन्ही कार्डं जोडून एकासारखी वापरणं, करू का दादा?

जुना_लिनक्सवाला:
एलएसीपीला (बाँडिंगची एक पद्धत) मॅनेज्ड, म्हणजे सेटिंग बदलता येणारा स्विच लागतो, आणि तरी एक कनेक्शन एकाच वायरीतून जातं, चारजण एकदम वापरत असतील तरच फायदा.

वडोदऱ्याहून:
मी २.५ गिगाबिटची दोन कार्डं घेतली, एक सर्व्हरला एक पीसीला, मध्ये सरळ कॅट ५ई वायर. आयपी १०.१०.१०.१ आणि १०.१०.१०.२ द्या, गेटवे (बाहेरच्या नेटकडे जायचा पत्ता) रिकामा सोडा, नाहीतर नेट भलत्याच वाटेने जायला बघतं. आणि फोटोंची दुसरी कॉपी वेगळ्या डिस्कवर ठेवा हो, स्पीडपेक्षा ते आधी करा.