कपाटाचा पत्रा पद्मिनीला? परवाच्या पोस्टीला उत्तर

पत्रा_आणि_डॉली, भुसावळ

परवा इथे एक पोस्ट पडली आणि तिच्यावर अंगठ्यांचा पाऊस पडला. पोस्ट थोडक्यात अशी: "प्रीमियर पद्मिनीचे पॅनल मिळत नाहीत म्हणून रडत बसू नका. कपाटवाल्याकडे जा, २० गेजचा (०.९ मिमी) जीआय, म्हणजे झिंक चढवलेला, पत्रा वाकवून घ्या, जुन्यावर चढवा, सीओटूचे (तारेच्या विजेच्या वेल्डिंगचे) टाके मारा, वरून पुट्टी. दोन दिवसांत गाडी उभी. आपल्याकडे हवा कोरडी, गंज लागतोच कुठे?"

तीन ओळींत इतक्या चुका बसवणं हीसुद्धा कला आहे. पण गाडीचा जीव घेणारा शब्द आहे "चढवा". कुजलेल्या पत्र्यावर नवा पत्रा चढवला की मधे फट राहते. पाणी त्या फटीत आपोआप ओढलं जातं, प्रायमर मात्र पोचत नाही. वरून गाडी चकाचक आणि आतून पापड. शिवाय मे महिन्यात आपल्याकडे पारा ४५ च्या घरात जातो. उन्हात उभ्या गडद रंगाच्या मडगार्डवर पत्रा जिथे दुहेरी आहे तिथे तो शेजारच्या एकेरी पत्र्यापेक्षा वेगळा तापतो आणि वेगळा निवतो. मग जोडाची रेघ रंगावर उमटते आणि शिव्या पेंटर खातो.

कुजलेलं कापून जोड समोरासमोरच हवा, कडेला कड. फट पत्र्याच्या जाडीपेक्षा जास्त नको. टाके २५-३० मिमीवर, एक या टोकाला तर दुसरा त्या टोकाला, सलग ओढायचं नाही. टाका निवताना आकसतो आणि आजूबाजूचा पत्रा ओढून घेतो. म्हणून प्रत्येक टाका घासून मागे डॉली (हातात धरायचा लोखंडी ठोकळा) धरायची आणि पुढून हलके ठोके देऊन तो पुन्हा पसरवायचा. हे केलं नाही तर सपाट भागाचा डबा होतो: बोट दाबलं की टप, सोडलं की टप. त्या टपटपीवर पुट्टी हा इलाज नाही, ती दोन उन्हाळ्यांत भेगाळते. कापाची रेघही सपाट भागाच्या मधोमध नको. एखाद्या कडेजवळ किंवा घडीजवळ घ्या, तिथे पत्रा आधीच ताठ असतो.

आता सिल. पद्मिनीला वेगळी चॅसी नाही, दाराखालची पेटी हाच तिचा कणा. ती कापण्याआधी दाराच्या चौकटीत २५ मिमीचे चौकोनी पाइप तिरके टाकून टाचून घ्या. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा आणि आकडे दारावरच खडूने लिहा. गाडी समतल जमिनीवर, स्टँड अॅक्सलखाली, एका वेळी एकच बाजू. नवी सिल नुसती टाचून दार लावून बघा, फट वरखाली सारखी आली तरच पक्की करा. हे सोडलं तर गाडी मधे बसते आणि दार आयुष्यभर उचलून लावावं लागतं.

आणि कोरडी हवा! गंज हवेतून कमी येतो, आपल्या काळ्या मातीतून जास्त येतो. ती मडगार्डच्या आतल्या कोपऱ्यात गच्च बसते, एकदा भिजली की दिवसेंदिवस ओल धरते आणि सिलची पाणी जायची भोकं बुजवते. ज्याने कपाटासारखी चारी बाजूंनी बंद पेटी बनवून दिली त्याने भोकंच ठेवली नसतील. तळाला सगळ्यात खालच्या जागी ८ मिमीची भोकं ठेवा आणि आतून वॅक्स मारा.

कपाटवाला_भाऊ, जळगाव एमआयडीसी

ती पोस्ट माझीच. नाव घेऊन बोलायचं ना, लाजता कशाला.

कपाट म्हणजे रद्दीचा डबा समजलात का? बेंडिंग मशीनवर आठ फुटी पत्रा या टोकापासून त्या टोकापर्यंत अर्ध्या मिमीत सरळ येतो. तुमचे डेंटर तोच पत्रा ठोकून ठोकून तापीच्या लाटा काढतात आणि वर पाच मिमी पुट्टी थापतात. बाहेरची सिल सरळ आहे, फ्लोअरचे बरेच तुकडे सपाट आहेत. हे काम मशीनचं नाही तर कोणाचं? पद्मिनी बंद होऊन पाव शतक झालं, कुर्ल्याचा कारखाना आता पॅनल पाठवणार नाही. गिऱ्हाईक म्हणतं, गाडीच्या किमतीपेक्षा पत्रेकाम महाग. त्याला काय सांगू, आधी कर्ण मोज?

पत्रा_आणि_डॉली

हो, कर्णच मोज म्हणा.

सरळ घडी तुमची, मान्य. पण मडगार्डची कमान? तुमचं मशीन एकाच रेषेत वाकवतं आणि मडगार्डला दोन्ही दिशांनी फुगवटा आहे. चांगल्या बाजूच्या मडगार्डवर खाकी कागद दाबून बसवा. कागदाला जिथे चुण्या पडतात तिथे पत्रा आकसवावा लागणार, जिथे तो फाटतो तिथे ताणावा लागणार. उजव्याचा साचा डाव्याला उलटा करून चालतो. आता कमानीची आत वळलेली १२ मिमीची पट्टी घ्या. कमानीची त्रिज्या ३३० धरली तर पट्टीची कड सपाट असताना ३१८ वर असते, वळल्यावर ३३० वर जाते. म्हणजे ती कड पावणेचार टक्क्यांच्या वर ताणली जाते. कपाटाचा साधा पत्रा एका दमात वळवाल तर काठावर चिरतो. त्यासाठी खोल ओढकामाचा ईडीडी पत्रा लागतो, काठ कानस मारून गुळगुळीत करावा लागतो, कारण चीर कातरीच्या दातऱ्यापासून सुरू होते. १८ मिमी प्लायचे दोन साचे, मधे पत्रा, चारी बाजूंनी सी-क्लॅम्प, आणि लाकडी हातोड्याने तीन-चार फेऱ्यांत वळवायचं. पहिल्या फेरीत ३० अंशांच्या पुढे जायचं नाही.

कपाटवाला_भाऊ

ईडीडी जळगावात किरकोळ मागून दाखवा. दुकानदार म्हणतो अख्खा गठ्ठा उचला.

चाळीसगावकर

नाशिक-संभाजीनगरकडे गाड्यांचे प्रेसपार्ट बनवणारे आहेत, त्यांचे कटपीस भंगारात वजनावर मिळतात. दोन फूट बाय तीन फुटाचा तुकडा कमानीला पुरतो. पण मला वेगळं विचारायचंय. जीआय वापरला तर नेमकं बिघडतं काय? झिंक आहे, गंज लागणार नाही, साधी गोष्ट.

पत्रा_आणि_डॉली

साधी नाही. झिंक ९०७ अंशांना उकळतं, पोलाद वितळायला १५०० च्या आसपास लागतात. वेल्डचा रस तयार होण्याआधी झिंकची वाफ उठते आणि रसात बुडबुडे सोडते. टाक्यात टाचणीच्या टोकाएवढी भोकं पडतात. पांढरा धूर छातीत गेला की संध्याकाळी थंडी वाजून ताप. म्हणून जोडाच्या दोन्ही बाजूंना, पुढून-मागून, इंचभर झिंक घासावंच लागतं. म्हणजे जिथे गंजाची भीती जास्त तिथलंच संरक्षण हाताने काढलं. वर आपल्याकडे सगळ्यावर रेड ऑक्साइड मारतात. झिंकवर ते धरत नाही, वर्षभरात पापुद्रे सुटतात. झिंकवर धरणारा एच प्रायमर आधी मारणारा कपाटवाला दाखवा.

नोझल_नंबर_एक, धुळे

सगळे सीओटू-सीओटू करताय. सीओटू आलं आणि डेंटर मेला. गॅसचा, म्हणजे ऑक्सिजन-अॅसिटिलीनच्या ज्योतीचा, टाका मऊ असतो, डॉलीवर ठोकला की पत्र्यात मिसळून जातो. सीओटूचा टाका कडक, ठोकला की बाजूचा पत्रा ताणतो, टाका जागचा हलत नाही. मग पोरं ग्राइंडर घेतात आणि ०.९ चा पत्रा ०.५ करून ठेवतात. एक नंबर नोझल, १.६ ची तांब्याचा मुलामा असलेली तार, न्यूट्रल ज्योत, बस. ऑक्सिजन जास्त झाला की ठिणग्या उडतात आणि पत्रा जळतो, गॅस जास्त झाला की टाका ठिसूळ. ज्योतीच्या आतल्या पांढऱ्या सुळक्याकडे बघून हे कळतं. आजच्या पोरांना सुळका दिसत नाही, मोबाइल दिसतो.

आर्गन_नाहीतर_काही_नाही

आबा, तुमचा गॅस फूटभर पत्रा तापवतो. दाराच्या पत्र्यावर गॅसने तीन इंचांचा जोड मारा आणि मग पट्टी ठेवून लाट मोजा. सीओटूत ०.६ ची तार लावा, फार तर ०.८, ४०-५० अँपिअर, एकेक ठिपका, तर हात लावण्याइतपत गार राहतो. आर्गन मिसळलेला गॅस घेतला तर ठिणग्याही कमी. मऊ टाका हवा तर टिग (आर्गनमधलं टंगस्टनच्या टोकाचं वेल्डिंग) करा. गॅसचं दुकान बंद करायची वेळ झाली.

नोझल_नंबर_एक

टिग करा म्हणे. गंजक्या पत्र्यावर टिग करून दाखव. आतल्या बाजूला अंडरकोटचा डांबरी थर असतो, कण राहिला तरी टिग थुंकतं. आणि तुझं सीओटू चालतं कुठे? खेड्यात शेतीचे पंप सुरू झाले की व्होल्टेज बसतं, टाका नुसता वर चिकटतो, आत शिरत नाही. वरून देखणा, मागून कोरा. पान्हा घालून उचकटला की शेंगेसारखा सुटतो.

आर्गन_नाहीतर_काही_नाही

व्होल्टेज पडलं तर काम थांबवायचं, त्यात सीओटूचा काय दोष? तुमच्या हट्टापायी लोक सिलला पितळेचे टाके मारतात, ते सांगा ना. ब्रेझिंग केलेल्या जागी नंतर कोणाला वेल्ड करता येत नाही, पितळ रसात मिसळतं आणि टाका तडकतो. जुन्या गाड्यांचं अर्धं वाटोळं गॅसवाल्यांनी केलंय.

नोझल_नंबर_एक

तोंड सांभाळ भो. पितळ मारणारा डेंटर नव्हे, तो कल्हईवाला. आणि एक सांग, तुझ्या टाक्यांना जाळी का पडते? कूलर समोर लावून वेल्डिंग करता म्हणून. फॅनच्या झोताने सीओटू उडून जातो. मे महिन्यात भुसावळात कूलर बंद ठेवून काम करायची तयारी आहे का? नसेल तर गॅसच बरा.

आर्गन_नाहीतर_काही_नाही

कूलरचं तेवढं खरं आहे. पडदा लावा, झोत पाठीवर घ्या, किंवा पहाटे काम करा. बाकी एक अक्षर मान्य नाही.

पत्रा_आणि_डॉली

दोघेही टाकीचं बोललाच नाहीत. पेट्रोलची टाकी आधी उतरवून वर्कशॉपच्या बाहेर ठेवा. रिकामी टाकी भरलेलीपेक्षा घातक, आत वाफ असते. बॅटरीची वायर काढा, बादलीभर पाणी आणि ओलं गोणपाट हाताशी. गॅसवाल्यांना हे दुप्पट लागू.

सातपुडा_जीप, शहादा

पद्मिनी-पद्मिनी ऐकून कान किटले. जीपचं कोणी बोलत नाही! जीपला चॅसी वेगळी, बॉडी वर बोल्टने बसते, बाजू सपाट. तिथे कपाटवाला भाऊच राजा. फक्त फ्लोअरखालच्या टोपीच्या आकाराच्या चॅनल सोडू नका. महायुद्धातल्या विलीजमध्ये त्या चॅनलमध्ये लाकडी पट्ट्या असत, लाकूड भिजायचं आणि चॅनल आतून कुजायची. आजही लोक वरचा पत्रा बदलतात, खालची चॅनल तशीच ठेवतात आणि मग बोल्ट पत्र्यातून खाली ओघळतो. चॅनल १.६ ची, वरचा पत्रा १.२ चा. दोन्हींच्या मधे सीलर न घालता ठिपके माराल तर पुन्हा तीच कथा.

व्हीए_प्लेट

एवढी चर्चा झाली आणि कोणी कागदाचं बोललं नाही. २०२१ च्या केंद्राच्या नियमाने ५० वर्षं पूर्ण झालेल्या गाडीला विंटेज म्हणून "व्हीए"चा नंबर मिळतो, पण चॅसी, बॉडी शेल किंवा इंजिनात बदल केलेला चालत नाही. पहिल्या पद्मिनी, १९७४-७५ च्या, आत्ता कुठे पन्नाशीला पोचल्या. त्यांवर कपाटाचे पत्रे चढवून मोकळे व्हा, मग बसा रडत.

चाळीसगावकर

कुजलेल्या जागी तसाच पत्रा, त्याच आकाराचा, त्याच जागी लावला तर तो बदल कसा? दुरुस्ती आहे ती.

व्हीए_प्लेट

तसाच असेल तर. मूळ ठिपके ज्या अंतरावर होते त्याच अंतरावर प्लग वेल्ड घ्या, ८ मिमीची भोकं पाडून भरा, मधे झिंकचा वेल्ड-थ्रू प्रायमर. आणि पॅनल उतरवायच्या आधी प्रत्येक बाजूचे फोटो, पट्टी टेकवून. कपाटवाल्याच्या घडीत हे दिसेल का?

कपाटवाला_भाऊ

दिसेल, तुम्ही भोकं आखून द्या, मी पाडून देतो. आमच्याकडे पंच आहे, ड्रिलने दातरे काढत बसावं लागत नाही.

पत्रा_आणि_डॉली

हे मात्र पटलं. चला, वाटणी करू. सिलची बाहेरची घडी, फ्लोअरचे सपाट तुकडे आणि जीप तुमच्याकडे. कमान, मडगार्ड, दाराची खालची पट्टी आणि मागच्या स्प्रिंगच्या पाट्यांची पुढची बैठक यांना हात लावू नका. ती बैठक बॉडीलाच असते. तिथे ०.९ चं ठिगळ मारलं की पहिल्या खड्ड्यात पाटा आत घुसतो. तिथला मूळ पत्रा व्हर्नियरने मोजा, रंग खरवडून न कुजलेल्या जागी, आणि तेवढाच लावा. आणि जीआय बंद, सीआरसीच (झिंक नसलेला, थंड लाटलेला पत्रा) द्यायचा.

एक शंका उरते. बाजारात "२० गेज" म्हणून जे येतं ते खरंच २० असतं का? ०.९ मिमीचा आठ बाय चारचा पत्रा २१ किलोच्या आसपास भरला पाहिजे, १.२ चा २८. साडेअठरा भरला तर तुम्हाला ०.८ दिलाय.

कपाटवाला_भाऊ

काय सांगस भो! म्हणजे आता मीच चोर? सीआरसी देईन, वजन करून देईन, भोकं पाडून देईन. पण काटा तुमचा आणा, माझ्यावर भरवसा नाही ना. आणि आठ फुटी पत्रा रिक्षात गोल गुंडाळून नेऊ नका, मग डॉली घेऊन माझ्याच दारात याल.