विंगरमध्ये फ्लोअरिंग आणि बेड स्वतः करते आहे, मदत हवी आहे (नाशिक)

नमस्कार मंडळी,

जुनी टाटा विंगर घेतली आहे. आधी ती शाळेच्या मुलांची ने-आण करायची. मागच्या सीट काढून झाल्या आहेत. आता आई आणि मी, दोघींना नीट पाठ टेकता येईल असा बेड आणि त्याखाली टिकाऊ फ्लोअरिंग एवढं मला स्वतःच्या हातानं करायचं आहे. ओटा, सोलर, पंखा हे सगळं नंतर.

आईला पक्ष्यांचं वेड आहे. थंडीत नांदूरमध्यमेश्वरला पहाटेचा पहिला तास हातचा गेला की ती दिवसभर हळहळते. तिला साल्हेरवाडीला मुक्काम करून साल्हेरचा किल्ला निदान पायथ्यापासून तरी सकाळच्या उजेडात बघायचा आहे, भंडारदराही राहिलंय. गुडघ्यांमुळे तिला जमिनीवरून उठता येत नाही, त्यामुळे तंबू बाद. म्हणून बेडची उंची मला अगदी काटेकोर हवी आहे.

माझा मुख्य प्रश्न आधीच सांगते: बेडचं वजन नेमकं कशावर टेकवायचं? प्लायवर, की थेट गाडीच्या पत्र्यावर? आणि त्यानुसार आधी फ्लोअर घालायचा की आधी फ्रेम बसवायची?

आता सविस्तर. जुनं रेक्झिन उचकटलं तेव्हा खालचा प्लाय सरकत्या दाराच्या पायरीपाशी काळा पडून त्याचे पापुद्रे सुटले होते. प्रत्येक स्क्रूभोवती पत्र्यावर गंजाचं गोल कडं. एका ठिकाणी स्क्रूड्रायव्हरचं टोक दाबलं तर पत्रा आत गेला. बाकी जमीन ठणठणीत आहे. तेवढा तुकडा कापून नवा पत्रा वेल्ड करून घेणार आहे, मग घासून रेड ऑक्साइड (गंज रोखणारा प्रायमर) आणि वरून रंगाचे दोन हात. पण यातून एक कळलं की ओल्या चपलांचं पाणी स्क्रूच्या भोकांतून खाली गेलं आणि तिथंच मुरलं. त्यामुळे नव्या फ्लोअरसाठी पत्र्यात एकही स्क्रू मारायचा नाही असं माझ्यापुरतं पक्कं आहे. त्र्यंबक-इगतपुरीकडचा पाऊस बघता हे गरजेचंच वाटतं.

दोन जाणकारांना गाडी दाखवली. आमच्या नेहमीच्या सुतारकाकांचं म्हणणं, खाली लाकडी पट्ट्यांची चौकट करा, वर 18 एमएम प्लाय ठोका, मग बेड कुठंही स्क्रूनं बसतो. अंबडचा फॅब्रिकेटर म्हणतो, जाड अँगलची फ्रेम थेट पत्र्याला वेल्ड करून देतो, गाडी पलटी झाली तरी हलणार नाही. पहिल्यात वजन आणि उंची दोन्ही जाते. 8 बाय 4 चा 18 एमएम मरीन प्लाय साधारण 36 किलोंचा भरतो, 12 एमएम साधारण 24. मला दोन शीट लागतात. शिवाय पट्ट्या दीड इंच खातात, म्हणजे छत तेवढं खाली येतं. दुसऱ्यात वेल्डिंगची उष्णता खालचा रंग जाळते आणि सांध्यात मागून पुन्हा गंज धरतो. आणि बेड कधी बाहेर काढायचा म्हटलं तर ग्राइंडर लावायचा का?

बेडचा विचार असा: आतली रुंदी साडेपाच फूट, म्हणजे 66 इंच. मी साडेपाच फूट उंच, तेव्हा आडवं झोपणं शक्य नाही. म्हणून दोन्ही बाजूंना चाकांच्या कमानींवरून जाणारे 22 इंच रुंद, सहा फूट लांब बाक आणि मध्ये 22 इंचांची वाट. दिवसा समोरासमोर बसायचं, रात्री मध्ये फळी टाकून सलग बेड करायचा. बाकाची वरची पट्टी प्लायवरून 14 इंच, वर 4 इंची फोम. बसल्यावर फोम दबला तरी 17 इंचांच्या आसपास राहतो, आणि आईला घरच्या खुर्चीवरून उठायची हीच सवय आहे. या उंचीत पाण्याचा 20 लिटरचा जार उभा राहत नाही (तो दीड फुटाहून उंच असतो), त्यामुळे पसरट कॅन घ्यावे लागतील. ते चालेल, पण उंची वाढवणार नाही.

वर सलग प्लाय घालू की पट्ट्या? निफाड भागात थंडीत पारा पाच अंशांच्या खाली गेलेला आहे. बंद गाडीत दोन माणसं रात्रभर श्वास सोडणार, तो दमटपणा गादीखाली साचणार. मला पट्ट्याच बऱ्या वाटतात, पण फोम मधल्या फटींत धसतो का, हे वापरणाऱ्यांनी सांगावं.

फ्लोअरसाठी ठरवलेला क्रम: पत्र्याच्या खाचांत इन्सुलेशनच्या पट्ट्या, त्यावर इन्सुलेशनचीच 10 एमएम शीट, 12 एमएम प्लाय, वर 2 एमएम बसमध्ये घालतात तसं खरबरीत व्हिनाइल. एकूण 24 एमएम, एक इंचाच्या आत. यात काही चुकतंय का?

(प्रतिसाद, सिन्नरहून)

ताई, मी फोर्स ट्रॅव्हलरवर हेच काम केलंय, म्हणून मुख्य प्रश्नाचंच उत्तर देतो. बेडचं वजन प्लायवर टेकवू नका आणि पत्र्याला वेल्डही करू नका. जुन्या सीट ज्या बोल्टवर बसल्या होत्या ती भोकं शिल्लक असतील. कंपनीनं ती जागा आधीच मजबूत केलेली असते. ती बुजवू नका, तीच बेडच्या फ्रेमला वापरा. मूळ बोल्टच्याच मापाचे 8.8 ग्रेडचे (जास्त ताकदीचे) बोल्ट घ्या.

आता फ्लोअरमधून बोल्ट जाताना खरी गोम येते. नुसता बोल्ट आवळला तर तो खालचं मऊ इन्सुलेशन दाबतो. गाडी चालली की ते आणखी बसतं, बोल्ट सैल होतो आणि कुरकुर सुरू. त्यासाठी प्रत्येक बोल्टला लोखंडी बुश घाला. जाड पाइपचा तुकडा, लांबी तुमच्या फ्लोअरच्या जाडीएवढी, म्हणजे 24 एमएम. तो पत्र्यावर उभा राहतो, फ्रेमची पायपट्टी त्याच्या डोक्यावर बसते. बोल्ट आवळला की लोखंडावर लोखंड, प्लायवर भार शून्य. प्लायमधलं भोक बुशपेक्षा दोन-तीन एमएम मोठं ठेवा आणि ती फट पीयू (पॉलियुरेथेन) सीलंटनं भरा. लेथवाला अर्ध्या तासात सगळे बुश कापून देईल, फक्त सगळे एकाच लांबीचे हवेत.

म्हणजे क्रमही ठरला. आधी पूर्ण फ्लोअर, व्हिनाइलसकट, कडा भिंतीवर दोन इंच चढवून. मग फ्रेम.

भोकांच्या जागा प्लायवर कशा आणायच्या? त्याच आट्यांचे जुने बोल्ट घ्या, डोकी कापा, ग्राइंडरवर टोक काढा आणि भोकांत थोडेसेच फिरवून उभे ठेवा. टोकांना ऑइल पेंट लावा आणि प्लाय जागेवर ठेवून वरून हातानं थापा. खालच्या बाजूला ठिपके उमटतात, तिथंच ड्रिल. टेपनं मोजत बसलं की एक तरी भोक तिरकं जातंच.

पट्ट्यांचं बरोबर आहे. फटी अडीच इंचांच्या आत ठेवा, 40 डेन्सिटीचा (घट्ट) फोम धसत नाही.

(प्रतिसाद, पंचवटी)

प्लायबद्दल थोडं, आमचा घरचा धंदा आहे. खाचा नीट भरल्या तर 12 एमएम पुरतो. पण शीटवर आयएस 710 चा (मरीन प्लायच्या भारतीय मानकाचा) शिक्का बघूनच घ्या. आयएस 303 वाला बीडब्ल्यूआर (पाण्याला बऱ्यापैकी टिकणारा साधा प्लाय) किचनला ठीक, सतत ओल्या जागेला नाही. कापल्यावर प्रत्येक कड आणि प्रत्येक भोकाची आतली बाजू इपॉक्सी किंवा पीयू कोटिंगनं दोनदा भरा. प्लाय पृष्ठभागातून कमी आणि कडेतून जास्त पाणी पितो. तुमच्या जुन्या प्लायचं पायरीपाशी तेच झालंय. भिंतीपासून 6-8 एमएम फट ठेवा.

10 एमएम शीट म्हणून दुकानदार पांढरा पॅकिंगचा फोम देईल, तो घेऊ नका, चालून चालून तो चपटा होतो. एक्सपीएसचा (एक्सट्रूडेड पॉलिस्टायरीनचा) कडक बोर्ड मागा. थर्माकोल तर नकोच, घासून आवाजही करतो आणि पेटतोही पटकन. आणखी एक, ज्या सिलिकॉनला व्हिनेगरसारखा वास येतो तो उघड्या पत्र्याजवळ वापरू नका, त्यातल्या आम्लानं पत्रा गंजतो. जमिनीत कंपनीची पाणी निचऱ्याची भोकं असतात तीही सीलंटनं बंद करू नका.

(प्रतिसाद)

सुतारकाम उत्तम चाललंय, पण कागदांचं बघा. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे नोंदणीत लिहिलंय त्यापेक्षा वेगळा बदल परवानगीशिवाय करता येत नाही, आणि सीटची संख्या हीसुद्धा नोंदणीतलीच गोष्ट आहे. पेठ रोडच्या आरटीओत आधी विचारून घ्या, विमा कंपनीलाही लेखी कळवा. फ्रेम बोल्टवर ठेवताय हे चांगलं. गाडी चालू असताना त्या आडव्या बाकांवर कुणीही बसू नका, आईंना पुढच्या सीटवर पट्टा लावूनच. आणि बाकाच्या बंद खणात गॅसची टाकी ठेवू नका. एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खणाच्या तळाशीच साचतो.

(धागाकर्ती)

सगळ्यांचे मनापासून आभार. बुशची गोष्ट मला दोन्ही मिस्त्रींनी सांगितली नव्हती आणि माझं सगळं अडलं होतं ते तिथंच. आज टॉर्च घेऊन आत पडून पाहिलं. सीटची भोकं शाबूत आहेत, दोन्ही बाजूंना ओळीनं. फक्त डाव्या मागच्या दोन भोकांत आटे गंजलेत, टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवून साफ होतात का बघते. भोकांच्या ओळीवर बाकाचे आतले पाय बरोबर येतात, बाहेरची बाजू चाकाच्या कमानीपाशी येते. तिथं पाय न देता भिंतीच्या खांबाला आधार द्यावा असं डोक्यात आहे.

आरटीओचं काम आधी करते. आईला पुढच्याच सीटवर बसवणार, ते तर ठरलेलंच होतं. गॅस खणातून काढला.

आता फ्रेमचं राहिलं. एक इंची चौकोनी एमएस (साध्या पोलादाचा) पाइप 2 एमएम जाडीचा घेतला तर मीटरला जवळपास दीड किलो पडतो, आणि मला दोन्ही बाकांना मिळून 30 मीटर तरी लागेल. म्हणजे नुसता सांगाडा 45 किलोंच्या घरात. 1.6 एमएम जाडीचा घेतला तर वजन उतरतं, पण 22 इंचांच्या आडव्या पट्टीवर माणूस एकदम बसल्यावर तो वाकेल का? सिन्नरच्या दादांनी किंवा कुणीही यात कुठला पाइप वापरलाय आणि पायांमध्ये किती अंतर ठेवलंय ते सांगाल का? शनिवारी प्लाय आणि पाइप एकदमच आणायला सातपूरला जाते आहे, त्याच्या आधी कळलं तर फार बरं होईल.