एक्सटर्नल हार्ड डिस्कवरून गेम खेळायचे की नुसते ठेवायचे?

निळाघोडा (धागाकर्ता):
लॅपटॉपला ५१२ जीबीची एसएसडी (फिरती तबकडी नसलेली, वेगवान डिस्क) आहे. विंडोज आणि कॉलेजची सॉफ्टवेअर्स टाकल्यावर जेमतेम ३०० जीबी उरतात, आणि त्यात 'रेड डेड रिडेम्पशन २' एकटाच १५० जीबी मागतो. म्हणून २ टीबीची एक्सटर्नल हार्ड डिस्क घेतली, स्टीममध्ये (गेम विकत घेऊन उतरवायचं ॲप) तिच्यावर नवी लायब्ररी, म्हणजे गेमचा फोल्डर, केली आणि आता सगळं तिथूनच खेळतो. 'विचर ३' सुरू व्हायला वेळ घेतो, पण एकदा आत गेलं की कुठे अडत नाही. मित्र म्हणतात, पैसे पाण्यात घातलेस. मला पटत नाही.

दर्यासारंग:
मित्रांचं बरोबर आहे. या डिस्कमधली तबकडी बहुतेक वेळा मिनिटाला ५४०० फेरे घेते. एकच मोठी फाईल सलग वाचायची असेल तर सेकंदाला १००-१३० एमबी मिळतात, पण गेम तसं वाचत नाही. तो इथला तुकडा, तिथला तुकडा उचलतो आणि प्रत्येक वेळी हेडला, म्हणजे तबकडी वाचणाऱ्या टोकाला, तिथवर सरकावं लागतं. यूएसबी ३.० लावा नाहीतर काही लावा, गाडी अडते ती तबकडीपाशीच. रेड डेडमधल्या सेंट डेनिस शहरात घोडा दौडवत शिरून बघ, दुकानांच्या पाट्या आधी पुसट दिसतील आणि तू पुढे गेल्यावर स्पष्ट होतील. 'बाल्डर्स गेट ३', 'स्टारफील्ड' तर एसएसडीच मागतात. 'सायबरपंक २०७७'नेही २०२३ मध्ये किमान गरजांत एसएसडी आणली.

निळाघोडा:
पाट्यांचं खरं आहे, मलाही दिसलंय. पण २०१५ च्या गेमला २०२३ चे नियम कशाला?

शिवारातला:
दर्यासारंग, तुमच्याकडे फायबर असणार. आमच्या गावात नाही. मोबाईलचा रोजचा २ जीबी डेटा, म्हणजे १५० जीबीला ७५ दिवस, तेही घरात दुसऱ्या कोणी काही पाहिलं नाही तर! मी पुण्याला भावाकडे गेलो की रात्रभर डाउनलोड लावतो आणि डिस्क पिशवीत घालून एसटीने गावी आणतो. जो गेम खेळायचा तो एसएसडीवर घेतो, अर्ध्या तासाच्या आत कॉपी होतो. खेळून झाला की परत डिस्कवर. ही डिस्क नसती तर माझ्याकडे गेमच नसता. पैसे पाण्यात कसे गेले?

टीव्हीसमोर:
पीएस५ (प्लेस्टेशन ५, टीव्हीला जोडायचा गेम कन्सोल) वर हा वादच नाही. पीएस५ चे गेम यूएसबी हार्ड डिस्कवर ठेवता येतात, चालवता येत नाहीत. पीएस४ चे थेट चालतात.

दर्यासारंग:
शिवारातला, तुमच्या वापराला माझा विरोध नाहीच. ठेवायला हार्ड डिस्कइतकं स्वस्त काही नाही. माझा आक्षेप तिच्यावरून खेळण्याला आहे. निळाघोडा, केबलकडेही लक्ष दे. माझा अपडेट चालू असताना पायाचा धक्का लागून ती निसटली. नंतर स्टीमला सगळ्या फाइल्स तपासायला लावल्या, त्यात अख्खी संध्याकाळ गेली. सेव्ह (खेळातली साठवलेली प्रगती) वाचले, कारण त्या गेमचे सेव्ह सी ड्राइव्हवर होते.

निळाघोडा:
रेड डेड आज रात्री आत घेतो. विचर मात्र डिस्कवरच राहणार, त्याला हलवायचं कारण अजून कोणी दिलेलं नाही.