कॅपिटॉलमधली रात्र (आणि ते ३९५ डॉलर)

प्रेषक: मीनल, सीडर पार्क
बुधवार, १२ मार्च २०२५

मंडळी,

आज शाळेत रजा टाकलीय. दुपारी दोनला उठून, चहा पुढ्यात घेऊन हे लिहितेय, तेव्हा ऱ्हस्वदीर्घाकडे काणाडोळा करा.

काल कॅपिटॉलमध्ये, म्हणजे टेक्ससच्या विधानभवनात, हाउसच्या (कनिष्ठ सभागृहाच्या) पब्लिक एज्युकेशन समितीपुढे एचबी ३ या विधेयकाची सुनावणी होती. विरोधक ज्याला व्हाउचर म्हणतात आणि समर्थक कटाक्षाने 'एज्युकेशन सेव्हिंग्ज अकाउंट' म्हणतात, तेच हे. सरकारने खात्यात पैसे टाकायचे आणि पालकांनी त्यातून खासगी शाळेची फी, शिकवणी, थेरपी भागवायची. वरच्या सभागृहाने, सेनेटने, आपलं एसबी २ हे विधेयक फेब्रुवारीतच १९ विरुद्ध १२ मतांनी उरकून टाकलंय. हा हाउसचा स्वतःचा मसुदा.

साडेसातला पोचले. साउथ बाय साउथवेस्ट महोत्सव चालू असल्यामुळे पार्किंग शोधण्यातच जीव गेला. नाव नोंदवायला टॅब्लेट ठेवलेले असतात. विधेयकाचा नंबर टाका, नाव टाका, मग तीन पर्याय येतात: बाजूने, विरोधात आणि 'ऑन'. 'ऑन' म्हणजे धड इकडे नाही नि तिकडे नाही, फक्त काहीतरी सांगायचंय. बोलायचं नसेल तर नुसती बाजू नोंदवून घरी जाता येतं, हे मला तिथे गेल्यावर कळलं. आधी कळलं असतं तरी थांबले असते म्हणा.

सुनावणीच्या खोल्या जमिनीखाली आहेत. वर १८८८ ची ती लाल ग्रॅनाइटची इमारत, आपण पाहुण्यांना दाखवायला नेतो ती. आणि खाली १९९३ साली पुरं झालेलं एक्स्टेन्शन. अर्धा दिवस मसुद्याची मांडणी आणि आमदारांचे प्रश्न यातच गेला. अध्यक्ष ब्रॅड बकली पेशाने जनावरांचे डॉक्टर आहेत. शांत माणूस. जेम्स टॅलरिको स्वतः शिक्षक होते, त्यामुळे त्यांचे प्रश्न टोकदार. मी दुपारपर्यंत नेटाने टिपणं काढली, मग वही मिटली.

माझ्या शेजारी लफकिनकडची एक बाई विणकाम घेऊन बसली होती. तिची चार मुलं घरीच शिकतात. मला वाटलं ही बाजूने बोलणार. तर नाही, विरोधात! म्हणाली, आज सरकार पैसे देईल, उद्या माझ्या स्वयंपाकघरात येऊन पुस्तकं तपासेल. मी सरकारी शाळा वाचवायला आले होते, ती सरकारपासून लांब राहायला, आणि दोघींनी बटण तेच दाबलं होतं. रात्री अकराला तिला तिखटमिठाच्या पुऱ्या दिल्या. लोणच्याला मात्र तिने हात लावला नाही.

माझं नाव पुकारलं तेव्हा रात्रीचे दोन चाळीस झाले होते. मिळाली दोन मिनिटं. लिहून नेलेलं भाषण बाजूला ठेवलं आणि माझ्या वर्गाचं सांगितलं. चौथीपर्यंत एका वर्गात २२ मुलं अशी टेक्ससच्या कायद्यात मर्यादा आहे, पण डिस्ट्रिक्ट (भागातल्या सरकारी शाळा चालवणारी संस्था) सूट मागतं आणि ती मिळते. माझ्याकडे २५ आहेत. जानेवारीत एक मुलगा आला, इंग्रजीचा एक शब्द येत नव्हता. मी त्याला "जागा नाही" म्हणू शकत नाही, म्हणणारही नाही. ज्या शाळांना तुम्ही पैसे देताय त्यांना तसं म्हणता येईल का, एवढंच मला सांगा. घंटा वाजली. दोन आमदार जागे होते. त्यातले एक मान हलवत होते, पण ती मान्य म्हणून की झोप येत होती म्हणून, देव जाणे.

खरं तर माझा जीव एचबी २ मध्ये अडकलाय. तो शाळांच्या पैशांचा मसुदा, त्याची सुनावणी गेल्या आठवड्यात झाली. मुलामागे मिळणारी मूळ रक्कम, ज्याला इथे बेसिक अलॉटमेंट म्हणतात, २०१९ पासून ६,१६० डॉलरवर गोठलीय. या सहा वर्षांत एचईबी दुकानातल्या अंड्यांच्या किमतीचं काय झालं ते तुम्ही जाणताच. मसुद्यात वाढ आहे २२० डॉलरची.

अनघाने विचारलंय की आपल्या मराठी मंडळातर्फे समितीला पत्र पाठवायचं का. मला चालेल.

मीनल

*

प्रेषक: सुहास, राउंड रॉक
बुधवार, १२ मार्च

मीनल, रात्रभर बसलीस, मानलं तुला. पण मंडळातर्फे पत्र पाठवायला माझा सक्त विरोध आहे, कारण मी घरबसल्या ऑनलाइन 'बाजूने' लिहून मोकळा झालोय.

आमच्या थोरल्याचं तुम्हा सगळ्यांना माहीतच आहे. तीन वर्षं पब्लिक शाळेत होता. एआरडीच्या, म्हणजे मुलाला कोणती खास मदत द्यायची ते ठरवण्याच्या, मीटिंगला टेबलाभोवती नऊ माणसं बसायची, सगळी गोड बोलायची, आणि कागदावर आठवड्याला दोनदा स्पीच थेरपी असायची. थेरपिस्टची जागा मात्र जवळजवळ वर्षभर रिकामी. आम्ही त्याला काढलं आणि एका छोट्या खासगी शाळेत घातलं. तिथे तो पहिल्यांदा वाक्य पुरं बोलला. त्या वाक्याचं बिल मी दर महिन्याला भरतो. या मसुद्यात अपंगत्व असलेल्या मुलांना वर्षाला ३०,००० पर्यंत देण्याची तरतूद आहे. ती रक्कम काही अब्जाधीशांच्या खिशात जाणार नाही, ती माझ्यासारख्यांकडे येणार. तुझा वर्ग चांगलाच असणार, पण सगळ्यांच्या वाट्याला मीनल येत नाही.

सुहास

*

प्रेषक: संजय (सचिव)
गुरुवार, १३ मार्च

सर्वांना नमस्कार.

पत्राचा विषय इथेच थांबवू या. आपण ५०१(सी)(३), म्हणजे करमाफी असलेली धर्मादाय संस्था आहोत. उमेदवारांच्या बाबतीत आपल्याला अवाक्षर काढता येत नाही. विधेयकांवर थोडंफार बोलता येतं, पण ते मर्यादेत, आणि मंडळात दोन्ही बाजूंचे लोक असताना लेटरहेड वापरणं बरं दिसत नाही. ज्याने त्याने स्वतःच्या नावाने लिहावं. चर्चा चालू द्या, भाषा सांभाळून.

जाता जाता: ३० तारखेच्या पाडव्याच्या जेवणाची कूपनं २३ पर्यंत घ्या. गेल्या वर्षी श्रीखंड कमी पडलं आणि ते मला अजून ऐकवलं जातं.

संजय

*

प्रेषक: नाना (मुक्काम लीअँडर, मुलाकडे)
शुक्रवार, १४ मार्च

चि. मीनल व चि. सुहास यांस अनेक आशीर्वाद.

मी सातारा जिल्ह्यात जिल्हा परिषदेच्या शाळेवर एकतीस वर्षं होतो, त्यातली अकरा मुख्याध्यापक म्हणून. इथे पाहुणा आहे, मत देण्याचा अधिकार नाही, पण सवय जात नाही.

तुम्ही दोघे ज्यावर भांडता आहात त्याचा एक भाऊ आपल्याकडे आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे खासगी विनाअनुदानित शाळांनी पहिल्या वर्गात २५ टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतील मुलांना द्यायच्या आणि प्रतिपूर्ती सरकारने करायची. म्हणजे सरकारी पैसा खासगी शाळेत जातोच. पण सोडत निघाली आणि मुलाचं नाव लागलं की शाळेला दार उघडावं लागतं. मुलाखत नाही, परीक्षा नाही, आईबापांची पदवी विचारायची नाही. इथल्या मसुद्याबद्दल सूनबाईंनी मला जे वाचून दाखवलं त्यावरून सोडत इथेही निघेल, परंतु ती पैशांची. प्रवेश द्यायचा की नाही हे शाळाच ठरवणार. सोडतीत मुलाला काय मिळतं, दार की पाकीट, हा माझ्या मते खरा प्रश्न आहे. रात्री दोन चाळीसला मीनल तेच विचारत होती.

आपल्याकडेही हे दार लोटून घ्यायचा प्रयत्न झाला. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने नियम बदलला: सरकारी किंवा अनुदानित शाळा एक किलोमीटरच्या आत असेल तर खासगी शाळेला या २५ टक्क्यांतून सूट. पालक कोर्टात गेले. मुंबई उच्च न्यायालयाने मे महिन्यात स्थगिती दिली आणि १९ जुलैला तो बदल रद्द केला. अर्थात प्रतिपूर्तीचे पैसे वेळेवर मिळत नाहीत अशी खासगी संस्थांची ओरड जुनीच आहे, आणि ती सगळी खोटी नाही.

दुसरी एक गंमत. आमच्याकडे पट बघून संचमान्यता होते, शिक्षक किती ते पटावर ठरतं. इथे म्हणे रोजच्या हजेरीच्या सरासरीवर पैसे मिळतात. म्हणजे फ्लूची साथ आली की शाळा गरीब! आम्ही निदान मुलं आजारी पडल्याबद्दल दंड भरला नाही.

सुहास, मुलगा वाक्य पुरं बोलला हे वाचून फार बरं वाटलं.

नाना

*

प्रेषक: मीनल
शुक्रवार, ४ एप्रिल

नाना, 'दार की पाकीट' मी शाळेत सहकाऱ्यांना इंग्रजीत समजावून सांगितलं. निम्मी मजा वाटेत सांडली.

काल समितीत मतदान झालं. पंधरा जणांची समिती, ९ विरुद्ध ६, सगळी मतं पक्षाप्रमाणे. यात एक मेख आहे. आम्ही रात्रभर बसलो ते एचबी ३ साठी, आणि काल मंजूर झालं ते एसबी २. सेनेटच्या विधेयकाचा नंबर ठेवला, आतला मजकूर काढून हाउसचा भरला. आपल्याकडे जुन्या पितळी डब्यावर साखर लिहिलेलं असतं आणि आत रवा, तसं. कालच्या बैठकीत लोकांना बोलायची सोय नव्हती. ज्याला काही म्हणायचं होतं त्याने मार्चमध्येच म्हणायचं होतं.

आणि आता माझी बातमी: एचबी २ पण कालच समितीतून निघालं, आणि त्यात २२० चे ३९५ झालेत! ६,१६० वरून ६,५५५. समितीतच झालं हे. कोणाच्या बोलण्याने झालं ते सांगता येणार नाही, पण सुनावणीच्या वेळी २२० होते आणि आता ३९५ आहेत.

सुहास, तुझंही काम झालंच म्हणायचं. नोव्हेंबर २०२३ मध्ये हेच व्हाउचर हाउसने ८४ विरुद्ध ६३ ने मसुद्यातून उपटून काढलं होतं, २१ रिपब्लिकन डेमोक्रॅट्सबरोबर गेले होते. मग २०२४ च्या प्रायमरीत (पक्षांतर्गत निवडणुकीत) गव्हर्नर अ‍ॅबट त्यांच्यातल्या कितीतरी जणांच्या विरोधात उतरले. या वेळी सभागृहात तसं काही होईल असं वाटत नाही.

मीनल

*

प्रेषक: सुहास
गुरुवार, १७ एप्रिल

हाउसमधलं व्हाउचरवरचं मतदान रात्री दोनपर्यंत लाइव्ह बघितलं. ८५-६३. रिपब्लिकन विरोधक फक्त दोन. एचबी २ पण झालं की तुझं, आणि तेही १४४ विरुद्ध ४! भांडण फक्त पाकिटावर होतं, शाळांना पैसे द्यायला सगळेच तयार होते. आता सेनेटमध्ये बघ.

*

प्रेषक: मीनल
गुरुवार, ५ जून

सुहास, तुझ्या तोंडात साखर घालणार होते, तेवढ्यात तो सेनेटचा डबा उघडला.

काल गव्हर्नरांची एचबी २ वर सही झाली. एकूण रक्कम आठ अब्ज ५० कोटी डॉलर, ऐकायला भरघोस. पण सेनेटच्या समितीत सगळं पुन्हा मांडलं गेलं आणि बेसिक अलॉटमेंटची वाढ आली ५५ डॉलरवर. ३९५ चे ५५. बाकीचे पैसे ठरावीक कप्प्यांत घातलेत: इतके पगाराला, इतके सुरक्षेला, वीज-विमा-बस यांसारख्या खर्चांना मुलामागे १०६. डिस्ट्रिक्टच्या हातात मोकळे असे फारसे उरत नाहीत. सेनेटचं म्हणणं, मोकळे दिले तर शिक्षकांपर्यंत पोचत नाहीत. हे अगदीच खोटं आहे असं मी शपथेवर सांगणार नाही.

मला स्वतःला यात फायदा आहे, तो लपवत नाही. पाच वर्षांवर अनुभव आणि मोठं डिस्ट्रिक्ट, म्हणून वर्षाला ५,००० वाढ. ५,००० पेक्षा जास्त मुलं नसलेल्या डिस्ट्रिक्टमध्ये असते तर ८,००० मिळाले असते. आमच्या लायब्ररीतली मदतनीस मात्र पुढच्या वर्षी नाही. तिने काल मुलांनी चिकटवलेले कागदी कासव भिंतीवरून एकेक काढले आणि वर्गावर्गात वाटले. माझ्याकडे दोन आलेत.

व्हाउचरवर ३ मे लाच सही झालीय, २०२६-२७ पासून सुरू, दोन वर्षांच्या पहिल्या बजेटात त्यासाठी एक अब्ज. अर्ज जास्त आले तर आधी अपंगत्व असलेली मुलं, मग कमी उत्पन्नाची घरं. दारिद्र्यरेषेच्या पाचपटीच्या वर उत्पन्न असलेल्यांना वीस टक्क्यांहून जास्त निधी नाही. चौघांच्या घराला ती पाचपट म्हणजे १,६०,७५० डॉलर, तेव्हा आपल्या यादीतल्या आयटीवाल्या जोडप्यांनी उगाच हिशेब मांडत बसू नये.

नाना, उद्या निघताय ना? विमानतळावर सोडायला मी येते.

मीनल

*

प्रेषक: सुहास
गुरुवार, ५ जून

मीनल, एक विचारायचंय, इथेच विचारतो, दुसऱ्या कोणाला उपयोग झाला तर झाला. त्या ३०,००० वाल्या रकमेसाठी मुलाचा आयईपी (त्याच्या खास शिक्षणाचा लेखी आराखडा) लागतो, आणि तो पब्लिक स्कूलनेच केलेला लागतो. आमचा जुना होता, पण त्याला काढून दोन वर्षं होऊन गेली. म्हणजे मला परत त्याच शाळेच्या ऑफिसात जायचंय का? त्या नऊ जणांपुढे?

*

प्रेषक: मीनल
गुरुवार, ५ जून

हो, त्यांच्याकडेच. विनंती लेखी दे, ईमेल चालेल, वर तारीख घाल, नि एक प्रत स्पेशल एड (विशेष शिक्षण) विभागाला. पंधरा शालेय दिवसांत त्यांना उत्तर द्यावंच लागतं. तू संमतीवर सही केलीस की तपासणीला ४५ शालेय दिवस. उन्हाळ्याचे दिवस त्यात धरत नाहीत, म्हणून ऑगस्टची वाट बघू नकोस, आजच पाठव. मसुदा मला दाखव आधी. आणि एआरडीच्या मीटिंगला एकटा जाऊ नकोस, मी येऊन बसेन.